कंपायलर ‘नाही’ म्हणतो तेव्हा: ऑप्टिमायझेशनचे शेरे कसे मागवावेत आणि कसे वाचावेत

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या झापांखाली विसावलेल्या असतात आणि मासेमारी करणाऱ्या घरांतील मुलांच्या हाताशी थोडा वेळ असतो. अशाच एका घरातील माझ्या विद्यार्थ्याने या दोन महिन्यांत सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला. त्यात दोन कामे होती. दक्षिण कोकणातील २६ बंदरांची आणि खाड्यांची वर्षभराची भरती-ओहोटी मिनिटागणिक काढणे हे पहिले, आणि गच्चीवर बसवलेल्या पर्जन्यमापकाच्या नोंदींची बेरीज करणे हे दुसरे. प्रोग्राम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो आणि वीज गेली की तो संगणक बॅटरीवर येतो. जुलैत वीज किती वेळा जाते हे कोकणातील वाचकाला सांगायला नको. म्हणून गणित लवकर उरकणे ही त्याची खरी गरज होती, हौस नव्हती. (अभ्यासासाठी केलेले हे गणित समुद्रात जाताना वापरू नये, त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची अधिकृत कोष्टके आहेत.)

ऑप्टिमायझेशनची, म्हणजे प्रोग्राम वेगवान करणाऱ्या बदलांची, पातळी ‘-ओ३’ लावूनही मनासारखा वेग येईना, तेव्हा आम्ही कंपायलरलाच, म्हणजे आपला मजकूर यंत्रभाषेत बदलणाऱ्या आज्ञावलीलाच, विचारायचे ठरवले. पडद्यावर पहिले उत्तर आले ते एवढेच: ‘लूप नॉट व्हेक्टराइज्ड’, म्हणजे लूपच्या (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागाच्या) अनेक फेऱ्या एका आज्ञेत उरकल्या नाहीत. मुलगा म्हणाला, “सर, ह्यो नुसतो ‘नाय’ म्हणता, कित्याक तां सांगणा नाय.”

त्याची तक्रार त्या क्षणापुरती अगदी रास्त होती. परंतु कंपायलरकडे कारण असते, ते मागवता येते, आणि ते नेमके कोणत्या जातीचे आहे हे ओळखता आले तर पुढे काय करायचे हे बहुतेक वेळा आपोआप ठरते. ही ओळख कशी करून घ्यावी हे त्याच प्रोग्रामच्या आधाराने येथे पायरीपायरीने मांडले आहे. कंपायलरच्या फ्लॅगची, म्हणजे आज्ञेसोबत द्यायच्या सूचनांची, नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टंकावी लागतील. उदाहरणार्थ, ‘-आरपास-मिस्ड’ म्हणजे वजा चिन्ह, मोठ्या लिपीतील आर, त्याला जोडून पास, पुन्हा वजा चिन्ह आणि मिस्ड.

पहिली पायरी: विचारण्याआधी मोजावे

शेरे मागवण्याआधी वेळ नेमका कोठे जातो हे पाहणे आवश्यक आहे. लिनक्सवर ‘पर्फ’ या मोजमापाच्या साधनातील ‘पर्फ रेकॉर्ड’ने नोंद घ्यावी आणि ‘पर्फ रिपोर्ट’ने ती पाहावी. प्रोग्राम ‘-ओ२ -जी’ लावून बांधावा. ‘-जी’मुळे यंत्रभाषेतील आज्ञा मूळ ओळींशी जोडल्या जातात. ही पायरी गाळली तर वर्षातून एकदा चालणाऱ्या लूपवर दुपार खर्ची पडते. आमच्या प्रोग्राममध्ये बहुतांश वेळ एकाच ठिकाणी जात होता आणि तो तेथेच जाणार हे साध्या गुणाकारानेही कळते. वर्षाची मिनिटे ५,२५,६०० आणि भरतीचे घटक ३७, म्हणजे एका बंदरासाठी कोसाइन फंक्शनला १,९४,४७,२०० वेळा बोलावणे आले, आणि २६ ठिकाणांसाठी ते ५० कोटींच्या वर गेले.

मोजताना एक काळजी घ्यावी. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोहोचला की स्वतःचा वेग उतरवू लागतो. कोकणातील मे महिन्याच्या दुपारी, बंद पेटीत ठेवलेल्या पायवर घेतलेले माप आणि पहाटे घेतलेले माप यांची तुलना करून ‘बदलामुळे वेग घटला’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रत्येक माप निदान पाच-सात वेळा घ्यावे, आधीची आणि नंतरची आवृत्ती आलटून पालटून चालवावी, आणि ‘व्हीसीजेनकमांड गेट-थ्रॉटल्ड’ या आज्ञेने वेग उतरला होता का तेही तपासावे.

दुसरी पायरी: तीन फ्लॅग आणि त्यांतील फरक

क्लँग कंपायलरमध्ये, २०१४ साली आलेल्या ३.५ आवृत्तीपासून, तीन जोडीदार फ्लॅग आहेत. ‘-आरपास’ हा कंपायलरने जे केले ते सांगतो, ‘-आरपास-मिस्ड’ हा जे करू पाहिले पण जमले नाही ते सांगतो, आणि ‘-आरपास-अ‍ॅनालिसिस’ हा त्यामागचे विश्लेषण सांगतो. तिघांनाही बरोबरच्या चिन्हापुढे पासचे, म्हणजे ऑप्टिमायझेशनच्या टप्प्याचे, नाव द्यावे लागते. माझ्या विद्यार्थ्याने फक्त मधला फ्लॅग लावला होता, म्हणूनच त्याला नुसता नकार ऐकू आला. तिसरा फ्लॅग जोडताच त्याच ओळीवर कारणही आले. माझ्या मते ही मांडणी नवख्या माणसावर अन्याय करणारी आहे, कारण नकार आणि कारण एकत्रच दिसायला हवेत. तोवर मिस्ड आणि अ‍ॅनालिसिस हे दोन्ही नेहमी जोडीनेच लावण्याची सवय करावी.

पासच्या नावाच्या जागी ‘सर्व काही’ असा नमुना देता येतो, परंतु तसे करू नये. दोनशे ओळींच्या फाइलसाठीही शेऱ्यांचा पूर येतो आणि त्यात रजिस्टर वाटपापासून प्रत्येक बारीकसारीक टप्प्याचे म्हणणे मिसळलेले असते. सुरुवातीला चारच नावे पुरेशी आहेत. ‘लूप-व्हेक्टराइज’ म्हणजे लूपच्या अनेक फेऱ्या एका आज्ञेत उरकणे, ‘इनलाइन’ म्हणजे बोलावलेल्या फंक्शनचा मजकूर बोलावणाऱ्याच्या जागी आणून बसवणे, ‘एलआयसीएम’ म्हणजे लूपमध्ये न बदलणारे काम लूपबाहेर काढणे, आणि ‘जीव्हीएन’ म्हणजे एकदा वाचलेली किंवा काढलेली किंमत पुन्हा न काढणे.

जीसीसी हा दुसरा कंपायलर वापरणाऱ्यांसाठी ‘-एफऑप्ट-इन्फो’ ही फ्लॅगांची मालिका आहे; तिच्या शेवटी ‘-व्हेक-मिस्ड’ जोडले की व्हेक्टरायझेशनचे नकार मिळतात आणि ‘-इनलाइन’ जोडले की इनलाइनिंगचे निर्णय मिळतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जीसीसी १२ पूर्वी, म्हणजे २०२२ पूर्वीच्या आवृत्त्यांत, ‘-ओ२’वर व्हेक्टरायझेशन चालूच नसे, ते ‘-ओ३’वर चालू होई, त्यामुळे जुन्या जीसीसीवर शेरा न येण्याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा नसून ‘विचारच झाला नाही’ असा असू शकतो.

तिसरी पायरी: नकाराची जात ओळखावी

पडद्यावरील वाक्ये निरनिराळी असली तरी नकाराच्या जाती माझ्या अनुभवात तीनच आहेत. पहिल्या जातीत कंपायलर म्हणतो की हा बदल केल्यास उत्तर बदलू शकते आणि ते बदलण्याचा अधिकार मला नाही. दुसऱ्या जातीत तो म्हणतो की मला पुरेसे दिसत नाही. दोन पॉइंटर (स्मृतीतील जागांचे पत्ते) एकाच जागेकडे बोट दाखवतात का, बोलावलेल्या फंक्शनच्या आत काय आहे, लूप किती वेळा फिरेल, हे मला माहीत नाही. तिसऱ्या जातीत त्याला दिसते, परवानगीही असते, परंतु त्याच्या हिशेबाने त्यात फायदा नसतो. पहिल्या जातीला उत्तर द्यायचे ते निर्णयाने, दुसऱ्याला माहितीने आणि तिसऱ्याला मोजमापाने. जात चुकली की उपाय चुकतो. फायदा नाही म्हणणाऱ्या कंपायलरला परवानगी देऊन काही साधत नाही, आणि उत्तर बदलेल म्हणणाऱ्याला जबरदस्ती केली तर उत्तर खरोखरच बदलते.

उत्तर बदलण्याचा धोका: पावसाची बेरीज

पर्जन्यमापकाच्या नोंदी दशांश संख्यांसाठीच्या फ्लोट प्रकारात साठवून त्यांची साध्या लूपने बेरीज केली होती. त्यावर क्लँगचा शेरा आला त्याचा आशय असा: फ्लोटिंग पॉइंट क्रियांचा क्रम बदलणे सुरक्षित आहे हे सिद्ध करता येत नाही, म्हणून लूप व्हेक्टराइज केले नाही. पायच्या ६४ बिटी प्रोसेसरमधील निऑन विभाग १२८ बिट एकदम हाताळतो, म्हणजे चार फ्लोट एकत्र. चार स्वतंत्र बेरजा चालवून शेवटी त्या मिळवायच्या तर बेरजेचा क्रम बदलतो, आणि फ्लोटमध्ये क्रम बदलला की उत्तर बदलू शकते.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर एक उदाहरण हाताने करून पाहावे. फ्लोटमध्ये अर्थपूर्ण बिट २४ असतात. त्यामुळे १,६७,७७,२१६ या संख्येत १ मिळवले तर उत्तर १,६७,७७,२१६ हेच राहते, आणि पुन्हा १ मिळवले तरी तेच. मात्र आधी १ आणि १ मिळवून २ केले आणि ते त्या संख्येत मिळवले, तर १,६७,७७,२१८ हे बरोबर उत्तर येते. कंपायलर हट्टीपणा करत नाही, तो आपण लिहिलेल्या क्रमाचा मान राखतो, हे या एका उदाहरणाने विद्यार्थ्याला जितके पटले तितके माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणाने पटले नव्हते.

त्याच शेऱ्यात कंपायलर उपायही सुचवतो: लूपवर प्रॅग्मा (प्रोग्रामच्या मजकुरातच लिहायची कंपायलरसाठीची सूचना) लावा किंवा ‘-एफफास्ट-मॅथ’ हा फ्लॅग द्या. दुसरा उपाय पटकन करून मोकळे होण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि येथेच मी सर्वाधिक सावध करू इच्छितो. फास्ट-मॅथ हा एक फ्लॅग दिसत असला तरी ती अनेक परवानग्यांची मोळी आहे. त्यात क्रम बदलण्याची परवानगी तर आहेच, शिवाय ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) आणि अनंत या किमती कधी येणारच नाहीत असे आश्वासनही आहे. आमच्या नोंदींत वीज गेल्यामुळे हुकलेले माप ‘नॅन’ म्हणूनच लिहिलेले होते आणि बेरजेपूर्वी ते तपासून वगळले जात होते. फास्ट-मॅथ लावल्यावर ‘ही किंमत नॅन आहे का’ ही तपासणीच अनावश्यक ठरवून कंपायलर ती काढून टाकू शकतो, आणि मग एक हुकलेली नोंद साऱ्या महिन्याची बेरीज नॅन करून टाकते. कंपायलरची यात चूक नसते; आश्वासन आपणच दिलेले असते.

म्हणून परवानगी द्यायची ती मोजकी आणि नेमक्या जागी द्यावी. क्लँगमध्ये त्या एका लूपच्या आधी ‘प्रॅग्मा क्लँग लूप व्हेक्टराइज(एनेबल)’ लिहिले की त्या लूपपुरती क्रम बदलण्याची मुभा मिळते. याचा आणखी एक लाभ असा की पुढे कोणी लूपमध्ये असा बदल केला की व्हेक्टरायझेशन अशक्य व्हावे, तर कंपायलर स्वतःहून ‘पास-फेल्ड’ नावाची सूचना देतो. ती सूचना त्रुटी मानावी असा फ्लॅग लावून ठेवला तर बांधणीच थांबते आणि हळूहळू वेग गळत जाण्याचा प्रकार टळतो.

तरीही आम्ही शेवटी यांपैकी काहीच वापरले नाही. त्याच्याकडील पर्जन्यमापक उलटणाऱ्या वाटीचा होता, म्हणजे तो मुळात मिलिमीटर देत नाही, वाटी किती वेळा उलटली ते देतो. ती संख्या पूर्णांकातच साठवली, हुकलेल्या नोंदींसाठी वेगळा रकाना केला आणि मिलिमीटरमधील रूपांतर शेवटी एकदाच केले. पूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, त्यामुळे कंपायलरने कोणत्याही परवानगीविना लूप व्हेक्टराइज केले. ‘-आरपास’ने तसा शेरा दिला आणि त्यात रुंदी ४ असल्याचे नमूद केले. नकाराचे कारण समजल्याने माहितीची मांडणी सुधारते, तेव्हा ती सुधारणा मला कोणत्याही फ्लॅगपेक्षा मोलाची वाटते.

न दिसण्याचे प्रकार

‘एलआयसीएम’चा एक शेरा नवख्यांना फार कोड्यात टाकतो. त्याचा आशय असा की, पत्ता लूपमध्ये बदलत नाही, तरी तेथील किंमत वाचण्याचे काम लूपबाहेर काढता आले नाही, कारण लूप ती किंमत बदलू शकते. आमच्या फंक्शनला तीन गोष्टी मिळत होत्या: उंची लिहिण्याचा अ‍ॅरे, वेळांचा अ‍ॅरे, आणि त्या बंदराच्या आधारपातळीची किंमत जेथे आहे त्या फ्लोटचा पॉइंटर. माणसाला स्पष्ट दिसते की उंची लिहिताना आधारपातळी बदलणार नाही. कंपायलरला मात्र उंचीचा अ‍ॅरे आणि आधारपातळी हे दोन्ही फ्लोटच दिसतात, आणि दुसऱ्या फाइलमधून कोणी त्याच अ‍ॅरेच्या आतील एखाद्या जागेचा पत्ता आधारपातळी म्हणून पाठवला असेल ही शक्यता तो नाकारू शकत नाही. म्हणून प्रत्येक उंची लिहून झाल्यावर तो आधारपातळी पुन्हा वाचतो.

यावर उपाय दोन आहेत आणि मी त्यांचा क्रम ठरवून ठेवला आहे. पहिला, लूप सुरू होण्यापूर्वी ती किंमत एका स्थानिक चलात घ्यावी. एका ओळीचा हा बदल कोणालाही समजतो आणि त्यात धोका नाही. तो पुरला नाही तरच सी९९ मधील ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द पॉइंटरला जोडावा. रिस्ट्रिक्ट हे वचन आहे आणि कंपायलर ते तपासत नाही. पुढे कोणी जागा वाचवण्यासाठी एकच अ‍ॅरे वाचायला आणि लिहायलाही दिला, तर वचन मोडते आणि उत्तरे कशीही येऊ शकतात. पुष्कळदा चाचणीत बरोबर आणि ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर चूक, अशी. रिस्ट्रिक्ट लिहिणाऱ्याने त्याच्या शेजारी, हे दोन अ‍ॅरे एकमेकांवर का येऊ शकत नाहीत, हे टिपणात लिहावे असा माझा आग्रह असतो.

दोन अ‍ॅरे एकमेकांवर येतात की नाही याचीच शंका असेल तर कंपायलर अनेकदा लूपच्या दोन आवृत्त्या करतो आणि चालतेवेळी पत्ते तपासून त्यांतील एक निवडतो. अशा वेळी ‘व्हेक्टराइज केले’ असा शेरा येतो, परंतु प्रत्यक्षात नेहमी संथ आवृत्तीच चालते असे घडू शकते. होकाराचा शेरा मिळाल्यावरही पहिल्या पायरीतील मोजमापाकडे परत जावे लागते ते यामुळे.

फंक्शनच्या बाबतीत न दिसणे म्हणजे ‘व्याख्या उपलब्ध नाही’ हा इनलाइनचा शेरा. कोन ० ते ३६० अंशांत आणणारे चार ओळींचे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये असले की कंपायलरपुढे त्याचे फक्त नाव असते. ते हेडर फाइलमध्ये ‘स्टॅटिक इनलाइन’ म्हणून न्यावे, किंवा ‘-एफएलटीओ’ लावून जोडणीच्या वेळी सर्व फाइली एकत्र पाहण्याची मुभा द्यावी.

कोसाइनची गाठ

मुख्य लूपवरील शेरा सरळ होता: या फंक्शन-कॉलचे व्हेक्टरायझेशन करता येत नाही. चार कोनांचे कोसाइन एकदम काढणारे फंक्शन कंपायलरला माहीत नसेल तर त्याने काय करावे? जीलिबसी या लिनक्सवरील सी भाषेच्या फंक्शन-संग्रहात २.२२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, ‘लिबएमव्हेक’ या नावाने अशी फंक्शन्स आहेत. ती आधी ६४ बिटी इंटेल वर्गाच्या प्रोसेसरांसाठी आली. क्लँगला ‘-एफव्हेकलिब’ या फ्लॅगने त्यांची ओळख करून देता येते. आपल्या यंत्रासाठी आणि आपल्या आवृत्तीत ती मिळतात का, हे मात्र शेरा पाहूनच ठरवावे.

परंतु या शेऱ्यापुढे आम्ही थांबून विचार केला, आणि हा विचार मला या संपूर्ण कामातील सर्वांत समाधानाचा भाग वाटतो. भरतीचा प्रत्येक घटक ठरावीक गतीने फिरतो. उदाहरणार्थ, चंद्रामुळे येणारा मुख्य घटक सुमारे १२.४२ तासांनी आणि सूर्यामुळे येणारा १२ तासांनी फेरी पूर्ण करतो; हे दोन जुळले की अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि विरोधात गेले की भांगाची भरती. आपल्याला उत्तरे दर मिनिटाला हवी असल्याने लागोपाठच्या दोन कोनांतील फरक त्या घटकासाठी कायम असतो. मग शाळेत शिकलेल्या कोनांच्या बेरजेच्या सूत्राने आधीच्या कोसाइन आणि साइनवरून पुढचे कोसाइन आणि साइन चार गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी यांतच मिळतात. लूपमध्ये फंक्शन-कॉल उरतच नाही. गोलाकारातील चूक साठत जाते, म्हणून दर मध्यरात्री कोन डबल या अधिक अचूक प्रकारात नव्याने काढून कोसाइन-साइन पुन्हा घ्यावेत. त्यामुळे एका बंदरासाठी वर्षाकाठी १,९४,४७,२०० ऐवजी ३६५ गुणिले ३७ गुणिले २, म्हणजे २७,०१० कॉल उरतात.

आता आतील लूप ३७ घटकांवर फिरते आणि प्रत्येक घटकाचे पुढचे पाऊल इतरांपासून स्वतंत्र असते, त्यामुळे तो भाग विनातक्रार व्हेक्टराइज होतो. घटकांची बेरीज मात्र पुन्हा फ्लोटची आहे आणि तिच्यावर पावसाच्या बेरजेवरचाच शेरा येतो. येथे नॅनचा प्रश्न नाही, ३७ लहान संख्यांचा क्रम बदलल्याने पडणारा फरक भरतीच्या उंचीपुढे नगण्य आहे, म्हणून येथे आम्ही प्रॅग्मा निर्धास्तपणे लावला. एकाच शेऱ्याला एकाच प्रोग्राममध्ये दोन जागी दोन वेगळी उत्तरे द्यावी लागली, हे वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावे. शिवाय जुन्या सरळ पद्धतीने काढलेली उत्तरे जपून ठेवून नव्या उत्तरांशी त्यांचा जास्तीत जास्त फरक किती पडतो हे तपासणे बंधनकारक समजावे.

‘फायद्याचे नाही’ आणि आकड्यांचा अर्थ

इनलाइनच्या दुसऱ्या शेऱ्यात दोन आकडे असतात: खर्च आणि मर्यादा. क्लँगमध्ये ‘-ओ२’वर नेहमीची मर्यादा २२५ असते. हे आकडे वेळेचे नाहीत. साध्या एका आज्ञेचा खर्च ५ धरला जातो, म्हणजे २२५ ही ढोबळमानाने ४५ साध्या आज्ञांची मर्यादा झाली. खर्च मर्यादेच्या किंचित वर असेल तर फंक्शनमधील क्वचित चालणारा भाग, जसे की त्रुटी छापण्याचा मजकूर, वेगळ्या फंक्शनमध्ये काढला की उरलेला भाग बहुधा मर्यादेत बसतो. खर्च मर्यादेच्या कितीतरी पट असेल तर कंपायलरचे ऐकावे. सर्वत्र ‘नेहमी इनलाइन करा’ असे लिहिल्यास प्रोग्राम फुगतो आणि लहान कॅशच्या यंत्रावर तो उलट मंदावू शकतो.

खर्चाचा हिशेब चुकण्याचे मोठे कारण म्हणजे कोणता भाग किती वेळा चालतो हे कंपायलरला ठाऊक नसणे. यासाठी प्रोग्राम एकदा नोंदणीसह चालवून ती नोंद पुढच्या बांधणीला देता येते. क्लँगमध्ये ‘-एफप्रोफाइल-इन्स्ट्र-जनरेट’ आणि ‘-एफप्रोफाइल-इन्स्ट्र-यूज’ हे फ्लॅग त्यासाठी आहेत. अशी नोंद दिल्यावर ‘-एफडायग्नॉस्टिक्स-शो-हॉटनेस’ हा फ्लॅग प्रत्येक शेऱ्यापुढे तो भाग किती वेळा चालला ते छापतो, आणि शेऱ्यांच्या ढिगातून कामाचे चार निवडणे सोपे होते. मात्र नोंद घेण्यासाठी कोणता काळ निवडतो याला महत्त्व आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. जानेवारीच्या नोंदींवर प्रोग्राम चालवला तर ‘पाऊस शून्य आहे’ हीच वाट नेहमीची ठरेल आणि जुलैसाठी लागणारी वाट कंपायलर अडगळीत टाकेल. आम्ही जानेवारी आणि जुलै दोन्ही महिने मिसळून नोंद घेतली.

एकाच ओळीवर दोन परस्परविरोधी शेरे आले तर गोंधळून जाऊ नये. ते फंक्शन दोन ठिकाणी इनलाइन झालेले असते आणि प्रत्येक प्रतीचा निर्णय स्वतंत्र असतो. एका ठिकाणी लूपची संख्या ठरलेली असेल तर तेथे होकार आणि दुसरीकडे नकार मिळू शकतो. शेऱ्यातील फंक्शनचे नाव वाचल्याशिवाय ओळीचा क्रमांक पाहून निष्कर्ष काढू नये.

शेरे साठवून ठेवणे

एकदा समजलेले शेरे पुन्हा हरवू नयेत म्हणून ‘-एफसेव्ह-ऑप्टिमायझेशन-रेकॉर्ड’ हा फ्लॅग वापरावा. क्लँग प्रत्येक फाइलसोबत यॅमल स्वरूपातील नोंद करतो. जीसीसी ९ पासून, म्हणजे २०१९ पासून, याच नावाचा फ्लॅग आवळलेल्या जेसन फाइलमध्ये नोंद देतो. क्लँग ज्यावर उभा आहे त्या एलएलव्हीएम प्रकल्पाची ‘ऑप्ट-व्ह्यूअर’ ही पायथनमधील उपयुक्त आज्ञावली आहे, जी ही यॅमल नोंद मूळ ओळींच्या खाली शेरे दाखवणाऱ्या पानांत बदलते. ज्याला टर्मिनलवरील लांबलचक ओळी वाचायला जड जातात त्याला ही पाने दाखवावीत. सुटा तुकडा तपासायचा असेल तर मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेला ‘कंपायलर एक्सप्लोरर’ सोयीचा आहे. त्यात निरनिराळ्या कंपायलरांचे निर्णय शेजारीशेजारी पाहता येतात.

इतर भाषांत काम करणाऱ्यांसाठीही हीच रीत लागू पडते, फक्त दारे वेगळी आहेत. गो भाषेत ‘-जीसीफ्लॅग्ज’ला ‘-एम’ दिले की कोणते फंक्शन इनलाइन होईल आणि कोणते चल हीपवर (चालतेवेळी मागून घेतलेल्या स्मृतीत) गेले ते कळते. जावामध्ये निदानाचे पर्याय खुले करून ‘प्रिंट-इनलाइनिंग’ लावता येते. तेथील ‘कॉली इज टू लार्ज’ हा शेरा वरील खर्च-मर्यादेचाच भाऊ आहे.

दोन आवृत्त्यांच्या नोंदींतील फरक एलएलव्हीएमच्या ‘ऑप्ट-डिफ’ने काढता येतो. अशी तुलना आपोआप करायची असेल तर शेऱ्याच्या वाक्यावर विसंबू नये, कारण कंपायलरच्या नव्या आवृत्तीत शब्दरचना बदलते. यॅमलमधील पासचे नाव, शेऱ्याचे नाव आणि फंक्शनचे नाव या तीन रकान्यांवर तुलना करावी. माझ्या विद्यार्थ्याने आता भरतीचे फंक्शन, कोसाइन-साइनचे पुढचे पाऊल आणि पावसाची बेरीज या तीनच जागांची यादी एका फाइलमध्ये ठेवली आहे. बांधणी झाली की एक छोटी स्क्रिप्ट त्या तीन जागांवर ‘व्हेक्टराइज केले’ हा शेरा अजून आहे का ते पाहते, आणि नसेल तर अ‍ॅनालिसिसचा शेरा मूळ ओळीसह छापून थांबते.